भामाबाई कोणत्या पानावर आहे?

मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. क्वालिटी म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. बाराशे बोल्टांच्या ढिगात एकाचा आटा तिरका असेल, तर तो मला चष्म्याशिवाय दिसतो. हे मी नाही म्हणत, आमचे मॅनेजर म्हणतात. म्हणजे एकदा म्हणाले होते.

ही नजर मी कंपनीच्या गेटवर काढून ठेवत नाही, घरी घेऊन येतो. त्यामुळे पुस्तकं आणि सिनेमे यांबाबत माझी दोन पक्की मतं आहेत. पहिलं, सातशे पानांच्या आतल्या कादंबरीला मी कादंबरी म्हणत नाही, लांबलेलं पत्र म्हणतो. दुसरं, सिनेमाचा रिमेक म्हणजे शिळ्या भाकरीचा कुस्करा. घरच्यांनी गुपचूप खावा, पाहुण्यांना वाढू नये. ही मतं मी इंदापुरात इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवली आहेत, की स्टँडवरचा चहावाला मला बघून आधी चहा देतो आणि मग आत निघून जातो.

आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी दहा-बारा वर्षांपूर्वी ‘दीर्घ वाचन मंडळ’ काढलं. नियम एकच. आठशे पानांच्या वरची एक कादंबरी संपवायची आणि मला तोंडी परीक्षा द्यायची. आजमितीला आम्ही सात सभासद आहोत, आणि सातही जणांनी प्रवेशासाठी एकच कादंबरी वाचलेली आहे: ‘सामाईक विहीर’. अकराशे ऐंशी पानं! वाचनालयात दुसरी एवढी जाड कादंबरी ‘डोहाचं देणं’ होती, पण ती माझी वाचलेली नव्हती. परीक्षा कशी घेणार?

एवढं जाड पुस्तक हातात धरवत नाही आणि वाचता वाचता त्याची पाठ मोडते, म्हणून वाचनालयाने त्याचे बाइंडरकडून तीन भाग करून घेतले होते. हिरवं रेक्झिन, पाठीवर पांढरी चिठ्ठी, भाग एक, दोन, तीन. एका वेळी तिघांना वाचता येतं. सोयीचं काम.

कादंबरी दोन भावांची. दोघांत एक विहीर, आणि पाण्याच्या पाळीवरून भांडण. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर थोरला भाऊ कंदील घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागतो. इथे भाग संपतो. दुसरा भाग उघडला की एकदम नदी! भामाबाई नावाची एक विधवा होडी चालवते, दोन गावांतली माणसं या तीरावरून त्या तीरावर नेते, सावकाराशी भांडते, पुरात अडकलेल्या वऱ्हाडाला वाचवते आणि शेवटी स्वतः होडीसकट डोहात जाते. चारशे पानांत थोरला भाऊ नाही, धाकटा नाही, विहीर तर नाहीच नाही. तिसऱ्या भागात पुन्हा दोघं भाऊ हजर, विहीर हजर, आणि थोरला लंगडत चालतो आहे.

सामान्य वाचक इथे गोंधळतो. मी गोंधळलो नाही. मी तीन रात्री विचार केला आणि मला उलगडलं. विहिरीत उतरलेला माणूस आतल्या पाण्याने नदीला मिळतो. भामाबाई म्हणजे त्याचंच मन. डोहात होडी बुडते आणि इकडे याचा पाय लंगडा होतो. लेखकाने कुठेही सांगितलं नाही, वाचकावर सोडलं! याच विषयावर मी वाचनालयात ‘विहीर ते नदी’ असं भाषण दिलं. दीड तास. निवृत्त मुख्याध्यापिका इंदिराबाईंनी डोळे पुसले. आमचे सभासद राजवर्धन, चाळीस एकर ऊस असलेले गृहस्थ, त्यांनी घरी नव्या आणलेल्या म्हशीचं नाव भामाबाई ठेवलं.

आता पानांच्या आकड्यांची बारीकशी गडबड होती, नाही असं नाही. पहिला भाग तीनशे ब्याण्णव पानावर संपायचा आणि दुसरा चारशे एकपासून सुरू व्हायचा. आठ पानं गायब. सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकात आठच पानं गायब असणं ही कौतुकाची गोष्ट आहे. पुढे तिसऱ्या भागात आठ आकडे पुन्हा आलेले होते. मी समजलो, छापखान्याने आधीची तूट भरून दिली.

तर या ‘सामाईक विहिरी’वर चाळीस वर्षांपूर्वी एक सिनेमा येऊन गेला होता. त्यात भामाबाई नव्हती. मी माफ केलं. तेव्हा रीळ महाग होतं. यंदा दिवाळीच्या आधी त्याच सिनेमाचा रिमेक आला. आणि त्याची पटकथा लिहिली होती मिहिरने, म्हणजे माझ्या बायकोच्या, आसावरीच्या, सख्ख्या धाकट्या भावाने. हा मिहिर कॉलेजची तीन वर्षं आमच्याच घरी राहून शिकला. माझ्या ताटातली भाजी खाल्लेला मुलगा. मी म्हटलं, आता तरी भामाबाईला न्याय मिळणार.

सातही सभासद राजवर्धनच्या जीपमधून बारामतीला सिनेमा बघायला गेलो. थोरला भाऊ कंदील घेऊन विहिरीत उतरला तेव्हा इंदिराबाईंनी माझा हात घट्ट धरला. पुढचं दृश्य सरळ पाच वर्षांनंतरचं! थोरला लंगडत शेतातून येतो आहे. आम्ही इंटरव्हलपर्यंत वाट बघितली, मग शेवटपर्यंत बघितली. दिवे लागले तसे राजवर्धन उभे राहिले आणि दार उघडणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, “भामाबाई कुठं हाय?” तो म्हणाला, लेडीज टॉयलेट डाव्या हाताला.

मी घरी आलो आणि मिहिरला पत्र लिहायला बसलो. फुलस्केप कागदाची नऊ पानं झाली. जुन्या सिनेमाने भामाबाई गाळली ही चूक होती, नव्याने परत गाळली हा गुन्हा आहे, असं पहिल्याच पानावर लिहिलं. पुढे रंगत गेलो. नवव्या पानावर शेवटचं वाक्य असं उतरलं: ‘ज्याने मूळ पुस्तक वाचलेलंच नाही, जुना सिनेमा बघूनच नवा खरडला, त्याने स्वतःला लेखक म्हणवू नये.’ वाक्य मला इतकं आवडलं की मी ते मोठ्याने दोनदा वाचलं. आसावरी स्वयंपाकघरातून म्हणाली, एवढं नका लिहू, आपलाच आहे तो. मी म्हटलं, क्वालिटीत आपला-परका नसतो.

पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं, म्हणजे सही करून घ्यावं लागेल. शिवाय मंडळाच्या सभेत वाचून दाखवलं. ज्ञानेश नावाच्या सभासदाने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं. सोसायटीच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर, ऊसतोडीचं वेळापत्रक असतं त्या ग्रुपवरसुद्धा. दोन दिवसांत निम्म्या इंदापूरला कळलं की मिहिरने पुस्तक वाचलेलं नाही.

भाऊबीजेला मिहिर आला नाही.

आसावरीने सकाळी ताट केलं होतं. निरांजन, अक्षता, सुपारी, त्याच्या आवडीच्या बेसनाच्या लाडवांचा वेगळा डबा. दुपारी त्याचा मेसेज आला: ताई, यंदा जमत नाही. एवढाच. जी बाई माझ्याशी सव्वीस वर्षांत एकदाही न बोलता राहिली नाही, ती संध्याकाळपर्यंत गप्प होती. संध्याकाळी तिने चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मला आत कुठेतरी फार वाईट वाटलं. लाडू मागायचंही धाडस झालं नाही.

ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, “मला एकच भाऊ आहे. पुस्तकं वाचनालयात ढीगभर आहेत. आमच्याकडे तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते. तोपर्यंत त्याला आणा.”

तुळशीच्या लग्नाला दहा दिवस होते. मी पाच दिवस काहीच केलं नाही, कारण सुरुवात कशी करायची ते सुचेना. सहाव्या दिवशी फोन केला. मिहिर शांत होता. तो चिडलेला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “दाजी, मी येतो. वाचनालयात येतो. तुम्ही फक्त मला पुस्तकात दाखवा, भामाबाई कोणत्या पानावर आहे. दाखवलीत की सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो आणि ताईकडून ओवाळून घेतो.”

एवढंच? मी फोन ठेवून टाळी वाजवली. चारशे पानं भरून भामाबाई होती! आसावरीला सांगितलं, लाडवांचा डबा काढून ठेव, रविवारी तुझा भाऊ माफी मागून जेवायला येतो आहे. ती म्हणाली, जेवायला आला तरी पुरे.

रविवारी सातही जण नवे कपडे घालून वाचनालयात. राजवर्धननी तर फेटा बांधला होता. टेबलावर मधोमध दुसरा भाग ठेवला, पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या घालून. मिहिर आला, आम्हा सगळ्यांच्या पाया पडला आणि पिशवीतून त्याने स्वतःचं पुस्तक काढलं. तीच ‘सामाईक विहीर’, पण एकाच बांधणीत, विटेएवढी जाड, कडा वाचून वाचून मळलेल्या. त्याने तीनशे ब्याण्णव पान काढलं. थोरला कंदील घेऊन उतरतो आहे. मग पान उलटलं.

तीनशे त्र्याण्णव पानावर थोरला भाऊ विहिरीतून वर आला होता. त्याने अंग पुसलं आणि तो वकिलाकडे गेला.

मी पुढची वीस पानं उलटली. वकील, मोजणी, पंचनामा, तारीख. आणखी पन्नास उलटली. तारीख. नदी नाही, होडी नाही. तेवढ्यात राजवर्धन माझ्या मदतीला धावले. त्यांचं म्हणणं पडलं की हे पुस्तक डुप्लिकेट आहे, किंवा नवी आवृत्ती काढताना भामाबाई काढून टाकली असणार. इंदिराबाई म्हणाल्या, सात माणसांनी वाचलेली बाई खोटी कशी असेल? ज्ञानेशने तर हात वर करून मतदान घ्यायला सुरुवात केली. सात विरुद्ध एक. भामाबाई आहे असं ठरलं.

मिहिर म्हणाला, मतदानाने पुस्तक बदलत नाही, बाइंडरला विचारू.

पुस्तकाचे भाग केले होते गेणबांनी. त्यांचं दुकान तेव्हा इंदापुरातच होतं. आता थकल्यामुळे ते लोणी भापकरला लेकाकडे राहत. आम्ही आठजण जीपमध्ये कोंबून बसलो आणि बारामती ओलांडून तिकडे गेलो. वाटेत राजवर्धन मला धीर देत होते, मी मांडीवर हिरवं रेक्झिन घेऊन बसलो होतो. क्वालिटीतल्या माणसाला माल परत येण्याची भीती काय असते, ते मला त्या दिवशी कळलं.

गेणबा ओट्यावर ऊन घेत बसले होते. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी पाठीवरून अंगठा फिरवला, शिवण ओढून बघितली, आणि समाधानाने मान हलवली.

“माझंच काम हाय. अजून दोरा ढिला न्हाय झाला.”

मी विचारलं, “आबा, यात दुसऱ्या पुस्तकाची पानं तर गेली नाहीत ना?”

“गेली असत्याल की,” ते सहज म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते असं. वाचनालयातून दोन जाड पुस्तकं एकदमच आली होती. दोन्हींचा कागद सारखा, उंची सारखी. दोन्हींचे तीन-तीन भाग करायचे होते. कडा एका रेषेत याव्यात म्हणून वरून कापलं, त्यात वरची पुस्तकाच्या नावाची ओळ गेली. सहा गठ्ठे झाले. पहिल्या भागावर चित्र होतं आणि शेवटच्यावर छापखान्याचा शिक्का होता, दोन्ही पुस्तकांचे वेगवेगळे, म्हणून ते ओळखता आले. मधले दोन तेवढे सारखेच दिसायचे.

“मग नाव वाचून बघायचं ना,” इंदिराबाई मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या.

गेणबांनी त्यांच्याकडे बघितलं. “बाई, मला कुठं वाचाया येतंय? म्या जाडी बघून लावलं. आन मी म्हन्तो, अकरा वरसं तुमी शिकल्याली सात मानसं हे वाचत व्हता. तुमाला न्हाय कळलं, मग मला कसं कळावं?”

राजवर्धननी फेटा काढून मांडीवर ठेवला.

गेणबांना आणखी काहीतरी आठवलं. हेच विचारायला मागे एकजण आला होता, ते म्हणाले. कॉलेजात शिकणारा, चश्मिस पोरगा. त्याला त्यांनी सांगितलं होतं की दुकानात येऊन उपयोग नाही, वाचनालयात वही असते, तिच्यात लिही, सेक्रेटरी आणून देईल तर दोन्ही बुकं उसवून नीट करून देतो. “पन कुनी आनलीच न्हाईत बगा. आन त्यो पोरगा...” त्यांनी डोळ्यांवर हात धरून आमच्यात बघितलं. “ह्योच की त्यो. आता दाढी आलीया.”

मिहिर खाली वाकून त्यांच्या पाया पडला.

अकरा वर्षांपूर्वी वाचनालयाचा सेक्रेटरी कोण होता, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

परत वाचनालयात गेल्यावर मी स्वतःच कपाटातून जुन्या सूचनावह्या काढल्या. तिसऱ्या वहीत सापडलं. निळ्या शाईत मिहिरचं कोवळं अक्षर: ‘सामाईक विहीर, भाग दोन हा दुसऱ्याच कादंबरीचा आहे. बहुधा डोहाचं देणं. कृपया दोन्ही बदलून घ्यावेत.’ आणि त्याखाली लाल शाईत, झोकदार सहीसकट, माझा शेरा: ‘दीर्घ कादंबरी समजण्यास चिकाटी लागते. वाचकाने घाई न करता पुन्हा वाचावे.’

वही मी मिटली. ज्ञानेश फोटो काढायला पुढे झाला होता, त्याला इंदिराबाईंनी हाताला धरून बाहेर नेलं, मागोमाग बाकीचेही गेले. उरलो मी आणि मिहिर.

तो म्हणाला, “तेव्हा वाईट नव्हतं वाटलं, दाजी. हसू आलं होतं. खरा मधला भाग हवा म्हणून मी पुण्याला जाऊन हे पुस्तक आणलं. चार महिने कॉलेजच्या कँटीनचं तोंड न बघता पैसे साठवले होते. ते वाचलं आणि लिहायचंच ठरवलं. यंदा मी पुस्तक वाचलेलं नाही असं तुम्ही लिहिलंत ना, ते लागलं.”

मला माफी मागायची सवय नाही. क्वालिटीत आम्ही फक्त मागवून घेतो. पण मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, माझं चुकलं. तुझं अकरा वर्षांपूर्वीही बरोबर होतं आणि आजही आहे. नऊ पानी पत्रापेक्षा हे बरंच छोटं होतं. मग लाल पेन मागून घेतलं आणि जुन्या शेऱ्याखाली लिहिलं: ‘वाचकाची तक्रार योग्य आहे. विलंबाबद्दल दिलगीर.’ सही केली, या खेपेला झोक न देता.

संध्याकाळी आमच्या घरी भाऊबीज झाली. तुळशीच्या लग्नाला अजून दोन दिवस बाकी होते. आसावरीने भावाला ओवाळलं तेव्हा वारा सुटला होता, आणि निरांजन विझेल म्हणून मीच आडोसा धरला. मिहिरने सात लाडू खाल्ले. मंडळाला मी दुसऱ्या दिवशी सगळं समजावून सांगितलं. ‘विहीर ते नदी’ हे भाषण रद्द समजावं, असंही सांगितलं. राजवर्धन म्हणाले, भाषण रद्द करा, पण म्हशीचं नाव आता बदलता येणार न्हाय, ती त्याच नावाला ओ देती.

जाताना मिहिरने ताईला साडी दिली आणि मला ते मळलेल्या कडांचं, एकाच बांधणीतलं पुस्तक. म्हणाला, दाजी, आता अस्सल मधला भाग वाचा. दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसलो, तीनशे त्र्याण्णव पानापासून. रोज संध्याकाळी, चिकाटीने, घाई न करता.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. चारशे पानं नुसतं कोर्ट आहे हो! वकील येतो, तारीख पडते, वकील जातो. पाचशे बाराव्या पानापर्यंत मोजणीदाराची साखळीच सापडत नाही. आणि ज्या लंगडण्यावर मी दीड तास बोललो, ते काय तर थोरला भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवरून घसरला! मिहिरने हे सगळं सिनेमातून काढून टाकलं ते फार उत्तम केलं. जुना सिनेमाही बरोबर होता, रिमेकही बरोबर आहे.

हे मत मी त्याला कळवायलाच हवं ना? मूळ कादंबरीपेक्षा तुझा सिनेमा सरस आहे, आणि ज्या पुस्तकापायी तू लेखक झालास त्याची मधली चारशे पानं क्वालिटीत पास होणार नाहीत, असं सविस्तर पत्र मी लिहून काढलं. अवघी अकरा पानं. रजिस्टर करायला निघालो होतो, पण आसावरीने ते हातातून घेतलं आणि लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर झाकण घट्ट लावलं. पुढच्या भाऊबीजेला तो येऊन, जेवून, परत गेला की मग टाका पोस्टात, असं म्हणते.